कमी वाकणारा गुडघा

देवासला गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, तोरा तेवढा राहिला. जमुनाबाई थोरल्या पातीच्या सरदार घराण्यातल्या, पण लेक दिली धाकट्या पातीत. तेव्हापासून दर दसऱ्याला गुडघे टेकून विहीणबाईंच्या पायांवर डोकं ठेवणं त्यांच्या नशिबी आलं.

यंदा उन्हाळ्यात गुडघे बदलायचे ठरले. इंदूरच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन नमुने मांडले. "मांजी, ये वाला ज्यादा मुड़ेगा, घुटने टेककर पूजा भी कर लेना. दूसरा थोड़ा कम मुड़ेगा."

"दूसरा डालो," जमुनाबाई म्हणाल्या. शेजारी बसलेली लेक चिमटे काढत राहिली, पण त्यांनी ऐकलं नाही. वर डॉक्टरांनाच विहीणबाईंना फोन लावायला लावला, की यापुढे यांचं गुडघे टेकणं बंद.

दसऱ्याला त्या ताठ मानेनं विहीणबाईंच्या दिवाणखान्यात शिरल्या.



विहीणबाई समोरच्या उंच टेबलावर दोन्ही पाय ठेवून बसल्या होत्या. "या, आता उभ्यानंच करा नमस्कार," त्या मायेनं म्हणाल्या, "तुमच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम करवून घेतलंय हे टेबल."