ओले केस

लेकीच्या ओल्या केसांना पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. दिवसभर पार्लरमध्ये लोकांचे केस धुणाऱ्या बाईला तो न कळायला काय झालं? वेणी सोडता सोडता तिने विचारलं, बाबाकडे काय काय केलंस.

"काही नाही. टीव्ही पाहिला," टकळी म्हणाली. अखंड बडबडीमुळे तिला सगळे टकळीच म्हणत.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. घटस्फोट झाला तो झाला, आता हा माणूस पोरीला खोटं बोलायला शिकवतो म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी पार्लर उघडायच्या आधीच ती कोर्टाने नेमून दिलेल्या समाजसेविका बाईंकडे जाऊन थडकली. पोरीचं तिकडे जाणं कायमचं बंद करा, म्हणाली.

बाईंनी आधी पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग सांगितलं की बाबाही नुकताच असाच तणतणत येऊन गेला. पोरीची नखं रंगवलेली, केसांत नवी पिन, आणि पोर म्हणते, आईला माझ्याशी बोलायला वेळच नसतो. आईच तिला पढवते, अशी त्याची खात्री.

"मग तिला हे शिकवतंय तरी कोण?"

"कोणीच नाही. तिकडे मजा आली म्हटलं की तुमचा चेहरा पडतो, इकडची मजा सांगितली की त्यांचा. ती तुम्हा दोघांना सांभाळतेय हो."

आईला रडूच फुटलं. सात वर्षांच्या पोरीने दोन मोठी माणसं सांभाळायची? मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण कोणीतरी न रागावता हे तोंडावर सांगितलं, त्याने जीव हलकाही झाला. भलं होवो त्या बाईंचं.

पुढच्या रविवारी केस पुन्हा ओलेच होते. आईने कंगवा हातात घेतला, घसा खाकरला.

"तुझा बाबा पोहायला फार छान शिकवतो. मलाही त्यानेच शिकवलं."

टकळी आरशातून आईचा चेहरा निरखत राहिली, बराच वेळ. आणि मग जी सुरू झाली! उडी कशी मारली, नाकात पाणी कसं गेलं, बाबाच कसा घाबरला. आई पोट धरून हसली. हसता हसता तिने मनातल्या मनात समाजसेविका बाईंना हात जोडले.

केस विंचरून झाले. टकळी जरा घुटमळली.

"आई, मग आता बाबालाही सांगू? मला तूसुद्धा आवडतेस म्हणून?"