दुधाला कुठं ठाऊक?

मंगळवारी भर दुपारी उज्ज्वला धरणाकाठच्या फार्महाऊसच्या खिडकीतून आत उतरली. तिचा नवरा नामदेव कुंपणापाशी टेम्पो घेऊन थांबला होता. स्वतःची राखण स्वतःच करणारी ही यंत्रघरं आत शिरलेल्याचं अंग वाचत आणि त्याच्या वर्मी लागेल तो आवाज काढत. इजा मात्र कुणाला करत नसत. मागच्या खेपेला नामदेव आत गेला, तेव्हा घर कुत्र्यासारखं गुरगुरलं आणि तो चपला टाकून पळाला.

"रेकॉर्डिंगला घाबरलास!" असं म्हणून उज्ज्वला त्याला महिनाभर चिडवत होती.

तिने टीव्ही भिंतीवरून उतरवून चादरीत गुंडाळला, तोच आतल्या खोलीत तान्हं बाळ रडू लागलं. भुकेचं रडणं होतं ते.

चालू ठेवलेल्या फोनवर ते ऐकून नामदेव हसला. "अगं, रेकॉर्डिंग आहे ते! तूच म्हणायचीस ना? उचल टीव्ही."

"मला ठाऊक आहे रे. दुधाला कुठं ठाऊक आहे?"

तिचा ब्लाऊज भिजला होता. चार महिन्यांची लेक सकाळपासून जावेकडे होती. तरी तिने आतल्या खोलीत जाऊन पाहिलं, गादीवरून हातही फिरवला. तिथे कुणी नव्हतं.

ती हात हलवत टेम्पोत येऊन बसली.

"टीव्ही?"

"आधी घरी चल."

टेम्पो वळणाआड गेल्यावर रडणं थांबलं. पुण्यातल्या मालकांच्या फोनवर घराचा निरोप आला : एक व्यक्ती आली होती. चोरी नाही, इजा नाही. जाताना बाहेरून खिडकी लावून घेतली आहे, आत वारं येऊ नये अशी.