चिंधी

नवरा गेल्यावर महिन्याभराने सलोमेकाकूंनी त्याची मेपलच्या दस्त्याची ठासणीची बंदूक माझ्या दुकानात आणली.

“योस्ट, ही ह्यांनी भरून ठेवलेली आहे. एवढी रिकामी करून दे.”

मी नळीत गज घातला. तो चार बोटं वर राहिला, म्हणजे बार आतच होता. मी गोळी ओढून काढली. ती नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेली चिंधी काकांच्या जुन्या कोटाची होती.

खात्रीसाठी पुन्हा गज घातला. तो पुन्हा चार बोटं वर राहिला.

“विसरून दोनदा भरली असेल,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या गोळीची चिंधी कोरी, काळी निघाली. काकूंनी अंगावरच्या झग्याचा घेर चाचपला. त्याला तेवढंच गोल भोक होतं.

“हा तर हे गेल्यावर शिवलाय,” त्या हळूच म्हणाल्या.

मी पुन्हा गज घातला. तो वरच राहिला, आणि माझ्या सदऱ्यातून छातीला गार वारा लागला.