न संपणारा खेळ

शहाण्णव साली धारूरच्या बाजारात मल्लिनाथच्या दुकानी व्हिडिओ गेमच्या कॅसेट मिळायच्या. पोरांना मारामारीच्या नव्या कॅसेटच लागत. स्वस्तातले जुने खेळ कुणी बघत नसे, पण मल्लिनाथ शिफारस त्यांचीच करायचा.

त्या महिन्यात शिवकांता तिसऱ्यांदा आली. आधीच्या दोन्ही कॅसेट तिच्या नवऱ्यानं, केदारनाथनं, खेळून संपवल्या होत्या.

"आवडल्या न्हाईत का, वहिनी?"

"आवडल्या. पण लवकर संपल्या. संपतच न्हाई असा एखादा खेळ हाय का?"

मल्लिनाथनं तळातली एक कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारली. "ही न्या. कुणी इचारत न्हाई, पण लई भारी हाय. रणगाडे येतच राहतात, दोन्ही हातांना उसंत न्हाई. केदारनाथ जेवायचं बी इसरतो बघा."

"खरंच?" तिनं कॅसेट हातात घेतली. "रोज खेळतील ना?"

"रोज! बाकीच्या बाया खेळ बंद करा म्हणून भांडतात, अन् तुमी नवा नेता!" मल्लिनाथ हसला.

तिनं कॅसेट पिशवीत टाकली, तेवढ्यात सगळ्या बाजारातली लाईट गेली. पायरी उतरत असलेली शिवकांता मागे फिरली आणि दुकानातल्या स्टुलावर येऊन बसली.

"घरी जावा की, वहिनी. लाईट काय, येईल तासाभरात."



"तवर इथंच बसू द्या, भावजी. लाईट नसली की त्यांचे हात मोकळे असतात."