हातोडीची जागा

साहेब, माझ्या दादाला तुम्ही मारलंत. आम्ही भावंडांनी गॅरेजमध्ये बांधलेलं विमान तुम्ही खुर्चीतून न उठता तपासलंत. ‘संकटात बाहेर पडायची सोय’ याच्यापुढे बरोबरची खूण केलीत, झालं!

उतरताना विमान उलटलं, दादाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण मातीत रुतलं आणि आग लागली. आतून काच फोडायला दादानं सीटशेजारी हातोडी अडकवली होती. “हिला हात लावलास तर बघ हं, छकुले,” म्हणायचा.

तपासणीआधी विमानाचं वजन केलं, तेव्हा काटा मर्यादेपेक्षा थोडा जास्त दाखवत होता, म्हणून मीच ती काढली. परत लावायची राहिली. तुम्ही सही करत होतात तेव्हा ती माझ्या खिशात होती.

साहेब, एकदा तरी ‘हातोडी दाखवा’ का नाही म्हणालात?