तिसऱ्या रांगेतला चष्मा

बाबा सकाळी गेले. ते गेलेच नाहीत असं ठरवून लेक दुपारी पूर्व आशियाई चित्रपटांच्या महोत्सवात कामावर आली. पडद्यावर सबटायटलची एकेक ओळ बटण दाबून सोडायची, हे तिचं काम. बाबा प्रत्येक खेळाला तिसऱ्या रांगेत बसून ओळ अडखळत, मोठ्याने वाचत. त्यांचं वाचून झाल्यावरच ती पुढची सोडे. आज त्या खुर्चीवर तिने त्यांचा चष्मा ठेवला. "इथे कोणी आहे का, ताई?" एका प्रेक्षकाने विचारलं. "येतायत." चित्रपटातल्या म्हाताऱ्याने मुलीला विचारलं, "जेवलीस का?" ओळ उमटली. मोठ्याने कोणी वाचली नाही. ती थांबली. म्हातारा मेला, अंत्यविधी उरकला, मुलीचं लग्न झालं; खाली आपलं "जेवलीस का?" "अगं, बटण दाब!" व्यवस्थापक ओरडले. तिने बिघाडाच्या अर्जात लिहिलं: "वाचणारे अद्याप आलेले नाहीत. ते येईपर्यंत अंत्यविधी थांबवावा, ही नम्र विनंती."