मेंदीची बट

मेरठच्या कात्रीबाजारात शगुफ्ताआपांनी पारखलेली कात्री कधी परत आली नव्हती. त्या ओला पातळ कागद कापून बघत. कागद चुरगळला नाही, की धार बरोबर.

त्या दुपारी मुनव्वर न्हावी वडिलांची कात्री न्यायला आला. वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि उद्या तो त्यांचं दुकान पुन्हा उघडणार होता.

आपांनी त्याच्यासमोर कागद कापला. कागद सफाईनं कापला गेला, पण त्यांच्या मांडीवर मेंदी लावलेल्या केसांची एक बट पडली.

"धारेला देण्याआधी पुसायची तरी होतीस! कुणाचे केस कापलेस?"

"मी हातही लावला नाही, आपा." मुनव्वरनं बट उचलली. "अशी मेंदी अब्बा स्वतःच्या केसांना लावायचे."

आपांनी पाती पुसली, उजेडात धरून पाहिली आणि नुसत्या हवेत कात्री चालवली. पुन्हा बट पडली. ती ओली होती.

"अजून एकदा चालवा ना," मुनव्वर हळूच म्हणाला.

आपांनी चालवली, पण कात्री मिटेना. पात्यांमध्ये काहीच दिसत नव्हतं. तरी कानाच्या पाळीसारखं काहीतरी मऊ मध्ये आल्याचं त्यांच्या बोटांना कळत होतं.

आणि ते दचकलं.